जो प्रश्न विचारताना जीभ अडखळते

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयावरची होती आणि त्यांतली चार आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांची होती. समोर बसलेल्या रुग्णाशी आत्महत्येविषयी बोलायचे कसे, हे आम्हाला कोणी शिकवलेच नाही, असा त्यांचा सूर आहे आणि तो रास्त आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ जण महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या कोणत्याही अन्य राज्यापेक्षा मोठी होती. अशा व्यक्ती दवाखान्यात येतच नाहीत, असे मानण्याचे कारण नाही. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांच्या २००२ मधील एका आढाव्यानुसार, आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के व्यक्ती शेवटच्या महिनाभरात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटून आल्या होत्या. म्हणजे भेट होते. राहून जाते ते बोलणे.

पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. हे वाचताना कोणाला स्वतःच्याच मनातले काही आठवले, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. नोकरीला अकरा महिने झाले. चाळिशीतले एक शेतकरी महिनाभरात तिसऱ्यांदा पित्ताची आणि झोप न येण्याची तक्रार घेऊन आले. उठता उठता म्हणाले, “आता गोळ्या पुरे झाल्या साहेब, काय ते एकदाचं मिटवून टाकतो.” मी घाबरून “असं बोलू नका, लेकरांकडे बघा,” एवढेच म्हणालो. ते हसले आणि गेले. पुढच्या आठवड्यात ते बाजारात दिसले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मी स्पष्ट विचारले असते, तर नसलेला विचार त्यांच्या डोक्यात घातल्यासारखे झाले असते का? आणि विचारायचे तर कोणत्या शब्दांत?

उत्तर : विचारल्याने विचार रुजतो, ही भीती फार जुनी आहे आणि ती तपासूनही पाहिली गेली आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कुलांमधील २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येविषयी थेट प्रश्न विचारले होते, उरलेल्यांना नव्हते. दोन दिवसांनी पाहिले तेव्हा प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये असे विचार वाढलेले आढळले नाहीत; जी मुले आधीपासून खिन्न होती त्यांना उलट थोडे हलके वाटल्याचे दिसले. नंतरच्या अभ्यासांचा कलही याच दिशेचा आहे. तेव्हा ही भीती आपण मनातून काढून टाकावी. आपल्या रुग्णाच्या बाबतीत तर तो विचार आपण घालण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो त्यांनी स्वतःच आपल्या टेबलावर आणून ठेवला होता.

शब्दांचा प्रश्न मात्र अवघड आहे आणि मराठीत तो अधिकच अवघड होतो. आपल्याकडे या विषयाला बगल देणारे शब्द मुबलक आहेत. “जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार नाही ना?” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि सुरुवातीच्या वर्षांत स्वतःही वापरले आहे. त्यात दोन दोष आहेत. ‘बरंवाईट’ या शब्दाआड आपण लपतो आणि या माणसाला तो शब्द उच्चारायची भीती वाटते हे रुग्णाला लगेच कळते. दुसरा दोष शेवटच्या ‘नाही ना’मध्ये आहे. ‘नाही ना’ हा प्रश्न नव्हे, ती विनवणी आहे. भिडस्त माणूस डॉक्टरांची अडचण ओळखून “छे छे, तसलं काही नाही,” म्हणतो आणि दोघेही सुटल्यासारखे होतात.

म्हणून प्रशिक्षणात मी एकच नियम आधी सांगतो : प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ नको, ‘का’ हवा. सुरुवात त्यांच्याच वाक्यापासून करावी. “दादा, मिटवून टाकतो म्हणालात, म्हणजे काय मनात आहे?” असे विचारून थांबावे. ते गप्प राहिले तर आपणही दहा-पंधरा सेकंद गप्प राहावे. ओपीडीच्या गर्दीत तेवढी शांतता फार लांब वाटते, पण ती सोसावी. मग एकेक पायरी उतरावी. “एवढा ताण असला की काही जणांना जगणं नकोसं होतं, तुम्हाला तसं वाटतं का?” होकार आला तर, “मरण आलं तर बरं, असं वाटतं, की आपणच जीव संपवावा असा विचार येतो?” या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्याला होकार आला, तर कसे आणि केव्हा हे ठरवले आहे का, तशी तयारी केली आहे का, पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का, आणि आजवर कशामुळे थांबलात, हेही त्याच स्वरात विचारावे. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात पुढच्या उपायाचे धागे सापडतात. ‘आत्महत्या’ हा शब्द बोलण्यात एकदा तरी स्पष्ट उच्चारावा, म्हणजे या खोलीत तो चालतो हे रुग्णाला समजते.

आपण म्हणालात ते “लेकरांकडे बघा” हे वाक्य वाईट हेतूने कोणी म्हणत नाही. पण कर्जाच्या किंवा आजाराच्या ओझ्याखालचा माणूस बहुधा लेकरांकडे बघूनच या निष्कर्षाला आलेला असतो, की आपण नसलो तर त्यांचे ओझे कमी होईल. त्या वाक्याने त्याच्या अपराधभावनेत भर पडते आणि बोलणे तिथेच खुंटते. त्याऐवजी “हे सांगितलंत ते बरं केलंत,” एवढे म्हटले तरी दार उघडे राहते.

आणखी एक व्यावहारिक बाब. हे प्रश्न पत्नी, भाऊ किंवा शेजारी खोलीत असताना विचारू नयेत. “दादांना तपासायचं आहे, जरा बाहेर बसा,” असे सांगून पाच-दहा मिनिटे मिळवता येतात. होकार ठाम असेल, बेत ठरलेला असेल, तर त्यांना एकटे घरी पाठवू नये. त्यांना विश्वासात घेऊन घरच्यांपैकी एकाला आत बोलवावे, जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य पथकाशी आपणच फोनवर बोलावे आणि कोण, कधी, कशाने घेऊन जाणार हे ठरल्यावरच त्यांना उठू द्यावे. बेत नसेल आणि नुसताच विचार असेल, तर पुढची भेट आठवडाभराच्या आतली द्यावी आणि ती चुकली तर फोन करावा. आपल्या त्या रुग्णांना आजही बोलावून घेता येईल. उशीर झालेला नाही.

प्रश्न : मी उपजिल्हा रुग्णालयात अपघात विभागात स्टाफ नर्स आहे. प्रयत्न करून वाचलेले रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात. नातेवाईक म्हणतात, “सिस्टर, चुकून झालं असं लिहा, पोलिसांचं झंझट नको.” वॉर्डात काही जण “नाटक आहे सगळं,” असे रुग्णाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलतात. मला त्या रुग्णाजवळ बसावेसे वाटते, पण काय बोलावे सुचत नाही, आणि दोघींनी चाळीस खाटा बघायच्या असतात.

उत्तर : आधी कायद्याचे, कारण नातेवाइकांची भीती तिथे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. तिच्यावर खटला चालवता येत नाही आणि तिची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे दंड संहितेतले जुने ३०९ कलम तिच्यात नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळ्या कलमाखाली गुन्हा राहिला आहे. रुग्णालयाला एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची, नोंद करावी लागते, पोलीस जबाब घेतात, पण त्याचा अर्थ रुग्ण आरोपी झाला असा नाही. हे नातेवाइकांना दोन वाक्यांत सांगता येते आणि ते सांगितले, की ‘चुकून’चा आग्रह बऱ्याचदा मावळतो. खोटी नोंद झाली, तर रुग्णाला मानसोपचाराकडे पाठवण्याचे कारणच कागदावरून नाहीसे होते.

‘नाटक’ या शब्दाबद्दल मला सौम्य बोलता येणार नाही. पूर्वी झालेला प्रयत्न ही पुढच्या धोक्याची सर्वांत ठळक खूण मानली जाते आणि ज्याला आपण नाटक म्हणतो तो माणूस त्या क्षणी आपण त्याच्याकडे कसे पाहतो ते आयुष्यभर लक्षात ठेवतो. सहकाऱ्यांना सर्वांसमोर सुनावण्यापेक्षा आपण स्वतः त्या खाटेजवळ कशा उभ्या राहता, हे त्यांना दिसू द्यावे. “आत्ता कसं वाटतंय? पाणी हवं का?” याने सुरुवात होते. मग, “काल फार सोसवेनासं झालं होतं का?” ‘का केलंस?’ मात्र विचारू नये. आपल्या भाषेत त्या ‘का’ला जाब विचारल्याचा सूर आहे.

वेळ नाही, हे मला मान्य आहे. पण थोड्या वेळाचेही मोल किती, हे एका मोठ्या अभ्यासाने दाखवले आहे आणि त्यात आपल्या चेन्नईचा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन या पाच देशांत, प्रयत्नानंतर आपत्कालीन विभागात आलेले १,८६७ रुग्ण निवडले गेले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या अर्ध्यांशी घरी सोडण्याच्या सुमारास साधारण एक तास समजावून बोलण्यात आले आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट घेऊन विचारपूस झाली. २००८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २.२ टक्के रुग्णांचा मृत्यू आत्महत्येने झाला, तर विचारपूस झालेल्या गटात ०.२ टक्के. त्यात महागडे औषध नव्हते, यंत्र नव्हते. कोणीतरी आठवण ठेवून फोन करत होते, इतकेच. आपल्या रुग्णालयात नऊ फोन शक्य नसतील, तर दोन ठरवावेत : घरी गेल्यानंतर तीन दिवसांच्या आत एक आणि महिन्याने दुसरा.

त्या तासाभरात करण्याजोगी एक गोष्ट म्हणजे सुरक्षिततेचा आराखडा. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी तो बांधला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये तो पाठोपाठच्या फोनसह वापरला, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांतील आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. हा कागद नर्सने भरून द्यायचा नसतो, रुग्णाने स्वतःच्या शब्दांत लिहायचा किंवा सांगायचा असतो. वादळ येऊ लागले की मला आधी काय जाणवते. तेव्हा मी एकटा काय करू शकतो. कोणाकडे, कुठे जाऊन बसलो की मन दुसरीकडे वळते. कोणाला खरे सांगू शकतो. कोणत्या डॉक्टरांना किंवा क्रमांकाला फोन करायचा. आणि घरातील धोक्याच्या वस्तू कोणाच्या ताब्यात द्यायच्या. “देवळाच्या ओट्यावर बसते,” “मावशीकडे जाते,” “म्हशी सोडून माळावर जातो,” अशी उत्तरे आली, तर कागद खरा उतरला असे समजावे. ‘ध्यानधारणा करीन’ असे छापील उत्तर आले, तर ते आपणच तोंडात घातले होते का, ते तपासावे. शेवटच्या मुद्द्यासाठी घरच्यांना बोलवावे लागते. शेतीची औषधे कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, ही साधी तजवीज पुष्कळ वेळा निर्णायक ठरते, कारण तीव्र उमाळा अनेकदा थोड्या वेळात ओसरतो.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. घरभेटीत एका ताईंनी मला “कोणाला सांगू नकोस” म्हणून शपथ घातली आणि मग मनातले सांगितले. आता मी सांगितले तर विश्वासघात होतो, नाही सांगितले तर भीती वाटते.

उत्तर : शपथ पाळू नये. त्या ताईंनी आपल्याला सांगितले, याचा अर्थ त्यांच्या मनाच्या एका कोपऱ्याला मदत हवी आहे. त्यांच्याकडे पुन्हा जावे आणि सरळ सांगावे, “ताई, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, मी एकटीने हे पोटात ठेवू शकत नाही. कोणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.” नवरा नको असेल तर आई, बहीण, शेजारची वहिनी चालेल. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३ व्या कलमात गोपनीयतेचा हक्क आहे, तसाच जिवाला धोका असताना आवश्यक तेवढी माहिती देण्याचा अपवादही आहे. ‘आवश्यक तेवढी’ हे शब्द मात्र विसरू नयेत, कारण गावात बातमी पसरायला एक संध्याकाळ पुरते. आपल्या मोबाइलवरून त्यांच्यासमक्ष १४४१६ लावून द्यावा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे. इथून पुढे कोणी आधीच शपथ घालू लागले, तर “ऐकते, पण जिवावरचं असेल तर गप्प बसणार नाही,” असे सुरुवातीलाच म्हणावे.

आपल्यासारख्यांच्या कामाने काय होते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी ताण आणि नैराश्यावर बोलायला सुरुवात केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

प्रश्न : मी आरोग्य प्रशिक्षण केंद्रात काम करतो. आम्ही या विषयावर एक दिवसाचे शिबिर घेतो : तज्ज्ञांचे व्याख्यान, स्लाइड, आधी आणि नंतर चाचणी. गुण वाढतात. पण त्यानंतर ओपीडीत काही बदलते असे दिसत नाही. काय चुकते?

उत्तर : गुण वाढतात ते माहितीचे. प्रश्न विचारणे हे मात्र हाताच्या कामासारखे आहे. शीर कशी शोधायची हे व्याख्यानातून येत नाही, तसेच हेही येत नाही. मी शिबिरात दुपारनंतर स्लाइड बंद करतो आणि तिघातिघांचे गट पाडतो. एक रुग्ण, एक डॉक्टर किंवा सिस्टर, एक नुसता बघणारा. बघणाऱ्याचे काम इतकेच, की तो शब्द उच्चारताना डॉक्टरांची नजर कुठे गेली ते टिपायचे. ती जवळजवळ नेहमी केसपेपरवर जाते. माझीही जात असे. तिसऱ्या-चौथ्या फेरीत ती वर येते आणि वाक्य बोलल्यासारखे निघते, वाचल्यासारखे नाही. रुग्णाचे सोंग घेणाऱ्याला “डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगावंसं वाटलं का?” हे प्रत्येक फेरीनंतर विचारावे, त्याचे उत्तर प्रशिक्षकाच्या शेऱ्यापेक्षा मोलाचे असते.

भाषांतरित प्रश्नावल्यांबद्दल सावध राहावे. नैराश्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली घ्या. तिच्या नवव्या प्रश्नात मरण बरे वाटणे आणि स्वतःला इजा करण्याचे विचार, या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. होकार आला, तरी तो कशाला आहे हे कळत नाही. चाळणी म्हणून ती ठेवावी, पण होकारानंतरचे बोलणे आपल्या भागातल्या बोलीत घोटून घ्यावे. नांदेडच्या आणि सिंधुदुर्गाच्या शिबिरांत वाक्ये सारखी असूच नयेत.

एक दिवस पुरत नाही, याचा धडा स्वीडनच्या गॉटलंड बेटाने दिला आहे. १९८३-८४ मध्ये तेथील सर्व सामान्य डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचे व उपचारांचे प्रशिक्षण दिले गेले. १९८५ मध्ये बेटावरील आत्महत्या लक्षणीय घटल्या. पण काही वर्षांत प्रशिक्षित डॉक्टरांपैकी बरेच जण बेट सोडून गेले आणि १९८८ च्या सुमारास प्रमाण पुन्हा जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर आले. आपल्याकडे बदल्या आणि बंधपत्राच्या नोकऱ्या पाहता हे गॉटलंड दर वर्षी घडत असणार. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ३१ व्या कलमाने सरकारी संस्थांमधील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व आपत्कालीन मानसिक आरोग्यसेवेचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. तिचा आधार घेऊन दर सहा महिन्यांनी अर्ध्या दिवसाची उजळणी मागून घ्यावी आणि ती नव्याने रुजू झालेल्यांपासून सुरू करावी.

शिबिराच्या आरंभी एक सूचना मात्र न विसरता द्यावी. या खोलीत बसलेल्यांपैकी कोणाच्या घरात हे घडले असेल, कोणी स्वतः त्या काठावर जाऊन आला असेल. त्याने कारण न सांगता बाहेर जावे आणि चहाच्या वेळी प्रशिक्षकाने त्याला बाजूला घेऊन विचारपूस करावी. माझ्या पहिल्या शिबिरात मी ही सूचना दिली नव्हती. मागच्या रांगेतील एक अनुभवी परिचारिका दुपारनंतर परतल्या नाहीत आणि कारण मला महिनाभराने कळले.

प्रश्न : माझ्या ७१ वर्षांच्या वडिलांना मधुमेहाच्या तपासणीत डॉक्टरांनी “जीव द्यावासा वाटतो का?” असे माझ्यादेखत विचारले. आई गेल्याला सात महिने झाले आहेत. वडील फार चिडले, “मी काय वेडा आहे का?” म्हणाले. डॉक्टरांनी असे विचारणे योग्य आहे का?

उत्तर : विचारणे योग्यच होते, जोडीदार गमावलेल्या, दीर्घ आजार असलेल्या वृद्धाला हे विचारले नसते तर तो हलगर्जीपणा ठरला असता. चुकले असेल ते इतकेच, की प्रश्न आपल्यादेखत आणि बहुधा प्रस्तावनेशिवाय आला. मुलासमोर या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे वडील मला तरी क्वचितच भेटले आहेत. त्यांच्या रागातून काहीच सिद्ध होत नाही. तो अपमानाचा असेल, किंवा नेमके वर्मावर बोट पडल्याचाही असेल. घरी हा विषय “डॉक्टरांना काय कळतं” असा उडवून लावू नये. “बाबा, त्यांनी विचारलं ते मला आवडलं. आई गेल्यापासून मीच विचारायला हवं होतं,” असे म्हणून बघावे आणि उत्तराची घाई करू नये. पुढच्या तपासणीला जाण्याआधी डॉक्टरांना फोन करून झोप, जेवण, बोलणे यांत काय बदल दिसतो ते सांगावे, आणि त्यांनी वडिलांशी एकट्याने बोलायचे म्हटले तर कसलीही सबब न काढता बाहेरच्या बाकावर जाऊन बसावे.